सायलेन्सरवरचं कुंकू

(धुळ्यात, आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत, नूर महंमद यांच्या इंजिन-दुरुस्तीच्या दुकानामागचं अंगण. बाभळीचा एक ओंडका, शेजारी झाडं कापायच्या दोन चेनसॉ : एक लाल, एक राखाडी. चैत्रातली दुपार.)

नूरभाई : ...तेच सांगतोय ना सुकदेवभाऊ, वरून बघाल तर दोघी सख्ख्या बहिणी. पात्याची लांबी एक, टाकी एक, पेट्रोलमध्ये ऑइल टाकायचं मापही एकच. लहान नाहीत, फार मोठ्याही नाहीत, वखारीच्या कामाला अशीच मधली मशीन पाहिजे. फरक आहे तो या सायलेन्सरात.

सुकदेव : आणि वजन?

नूरभाई : राखाडी थोडी जड. पसाभर जवारीइतकी. उचलून बघा.

सुकदेव : पसाभर जवारी सकाळी हलकीच असते नूरभाई. दुपारनंतर तिचं पोतं होतं.

प्रमिला : सायलेन्सरात काय वेगळं आहे?

नूरभाई : भाभी, राखाडीच्या सायलेन्सरात जाळी बसवली आहे. मधाच्या पोळ्यासारखी, बारीक भोकाभोकांची. इंजिनाचा धूर तिच्यातून जातो आणि आतल्या आत पुन्हा जळतो. बाहेर येतो तो अगदी कमी. परदेशात म्हणे धुराचा कायदा झाला, म्हणून त्यांनी अशा काढल्या. मुंबईचा व्यापारी मला म्हणाला, दोन ठेवून बघ. एक साक्रीच्या माणसानं नेली. ही दुसरी.

प्रमिला : त्यांची चांगली चालली?

नूरभाई : आठवड्यात परत घेऊन आला होता. थोडी तक्रार होती, मी मिटवून दिली. आता खूष आहे.

प्रमिला : कसली तक्रार?

सुकदेव : अगं, चालवून तर बघू दे आधी. तक्रारी काय, एस्टीत बसल्यावर सांग मला भडगाव येईपर्यंत.

नूरभाई : मुलगा उठेल का आवाजानं? आमच्या घरात झोपवलाय त्याला, माझी बायको आबेदा झोळी हलवत बसलीय.

प्रमिला : आवाजानं नाही उठायचा तो. आवाज थांबला की उठतो. वखारीतच वाढलाय ना.

सुकदेव : घर आणि वखार एकाच आवारात आमचं. जुनी मशीन होती ना नूरभाई, ती आमच्या भय्याला अंगाईच होती. आता ती बसली आणि ऐन लग्नसराईत सगळ्यांना जळण पाहिजे. जो येतो तो म्हणतो, सुकदेव, मांडवात चूल पेटायची आहे, ओंडके देऊ नको, फोडून दे. आधी लाल चालवतो.

नूरभाई : दोरी सावकाश ओढा. हां. आता धरा.

सुकदेव : ...बघितलं? असं पाहिजे. बाभूळ आहे का लोणी, कळलं नाही मला.

नूरभाई : लालचा जोर आहेच. खोटं कशाला बोलू.

सुकदेव : प्रमिला, तू तिकडे काय करून राहिली दाराशी?

प्रमिला : आबेदाभाभींना दार ओढून घ्यायला सांगत होते. धूर सरळ आत जातोय. निळसर आहे बघा, जमिनीलगत चाललाय.

सुकदेव : नूरभाई, हिनं अमळनेरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलंय. तिथं त्या काचेच्या नळ्या हुंगायला लावतात. तेव्हापासून हिला सगळीकडे वासच येतो.

प्रमिला : तुम्हाला येत नाही कारण तुमच्या शर्टालाच तो आहे.

नूरभाई : भाभींनी बरोबर टोला मारला. आता राखाडी घ्या.

सुकदेव : ...हं. कापते. पण रेंगाळते थोडी. शेवटाला गाठ आली तिथं लाल सरळ निघून गेली होती, हिनं विचार केला.

नूरभाई : जाळीमुळे. नाक दाबून पळायला लावलं तर माणूसही कमीच पळेल.

प्रमिला : पण धूर नाही.

सुकदेव : आहे गं.

प्रमिला : आहे, पण बघा ना, मी वारा जातो त्या बाजूलाच उभी आहे. डोळे नाही झोंबले. मघाशी झोंबले होते.

सुकदेव : बरं, हिची पूजा तरी करू. मायनं सकाळी निघताना पुडी दिलीय. कुंकू आहे. म्हणाली, पहिला काप झाला की तिथल्या तिथं मशीनला लाव, आणि माझ्या नातवाचा हात लावून घे तिला, मग घरी आण.

नूरभाई : घ्यायची ठरली का मग राखाडी?

सुकदेव : ठरली कुठं. दोघींना लावतो. मायला उद्या कोणी सांगायला नको की एकीला लावलं आणि दुसरीला नाही. प्रमिला, भय्याला आण. हात लावू दे.

प्रमिला : झोपू द्या थोडं. आत्ताच डोळा लागलाय. रात्री झोप कुठं झाली त्याची.

सुकदेव : तू तर ना... आधी लालला लावतो. कुठं लावू, सगळीकडे भुसा. ही पुढची पट्टी बरी, सपाट आहे. हां. आणि ही राखाडी... तिच्याही त्याच जागी...

नूरभाई : भाऊ, तिथं नको—

सुकदेव : अगं माय.

प्रमिला : बघू बोट. पाणी टाका त्याच्यावर. नूरभाई, तांब्या आहे का?

नूरभाई : हा घ्या. मी सांगेपर्यंत तुम्ही लावलंच. ती पट्टी नाही भाऊ, तो सायलेन्सरच आहे.

सुकदेव : लालच्याही सायलेन्सरलाच लावलं ना मी. तिथं काही झालं नाही.

नूरभाई : ती थांबून वेळ झाला, शिवाय ती इतकी तापतच नाही. हिच्यात धूर आतच जळतो म्हटलं ना, मग ती आग जाईल कुठं? सायलेन्सरच तापतो. तवा होतो तवा. साक्रीवाला हेच म्हणत आला होता, नूरभाई, ही लाकूड कापायची आहे का भाकरी टाकायची?

प्रमिला : कुंकू काळं पडलं.

सुकदेव : काय?

प्रमिला : राखाडीवरचं. लालवरचं तसंच आहे. हिच्यावरचं बघा.

सुकदेव : ...आणि मी तिथंच भय्याचा हात लावणार होतो.

नूरभाई : मी बोललोच असतो भाऊ.

सुकदेव : नाही, झालं. लाल बांधा नूरभाई. ही नको.

प्रमिला : थांबा जरा.

सुकदेव : आता काय थांबायचं? बोट बघ माझं. संध्याकाळी काम संपलं की मी मशीन कुठं ठेवतो? ओट्यावर. हात धुवायला जातो तोवर भय्या रांगत येतो आणि मशीनला मिठी मारतो. बापाच्या आधी मशीनला. तूच सांगितलंस ना हे तुझ्या बहिणीला हसत हसत. ही ओट्यावर ठेवली आणि त्यानं मिठी मारली तर?

प्रमिला : तर भाजेल.

सुकदेव : मग?

प्रमिला : मला तीच हवी आहे. राखाडी.

सुकदेव : नूरभाई, ऐका. उकळत्या दुधाचं पातेलं खाली ठेवू देत नाही ही. विळी वापरून झाली की फळीवर चढते. आणि बोलून राहिली काय, तर तवा घरी न्या.

नूरभाई : भाभी, भाऊ बरोबर बोलतायत. पण तुम्हाला राखाडीच आवडली असेल, तर इलाज आहे. साक्रीवाल्याचं जे केलं तेच करतो. सायलेन्सर खोलायचा, आतली जाळी छिन्नीनं ठोकून काढायची, पुन्हा बंद करायचा. अर्ध्या तासाचं काम. मग ना तापणार, ना रेंगाळणार. लालसारखीच होईल.

प्रमिला : आणि धूर?

नूरभाई : तोही लालसारखाच.

प्रमिला : मग ती राखाडी कशी राहिली? नुसता रंग राखाडी.

नूरभाई : ...हो. रंगच.

प्रमिला : जाळी काढू नका. आणि लालही नको.

सुकदेव : अगं पण का? कारण तर सांग. नूरभाई ऐकतायत म्हणून नको वाटत असेल तर—

नूरभाई : मी चहा सांगून येतो. कोपऱ्यावर आहे, वेळ लागेल मला. चहावाल्याचा रॉकेलचा स्टो नेहमी भांडतो.

सुकदेव : गेला तो. बोल आता.

प्रमिला : सकाळी भय्याच्या डॉक्टरांकडे तुम्ही औषध आणायला खाली गेला होतात.

सुकदेव : हो. ती खोकल्याच्या सिरपची बाटली.

प्रमिला : तेव्हा त्यांनी मला विचारलं. घरात चूल आहे का, म्हटलं गॅस आहे. बिडी कोण ओढतं, म्हटलं कोणी नाही. शेजारी भट्टी, गिरणी काही आहे का. मग मी सांगितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर चिंच आहे, चिंचेखाली दिवसभर मशीन चालते, आणि त्याची झोळी स्वयंपाकघरातच बांधलेली असते कारण मला तो समोर दिसायला लागतो.

सुकदेव : मग काय म्हणाले?

प्रमिला : मशीन लांब न्या, नाहीतर मुलाला लांब न्या. छातीचा आवाज त्यांना आवडला नाही. दोनदा भरती झाला, तिसऱ्यांदा व्हायला नको म्हणाले. माहेर कुठं आहे तेही विचारलं. मी अमळनेर सांगितलं. म्हणाले, पावसाळ्यापर्यंत तिथं ठेवा.

सुकदेव : पावसाळ्यापर्यंत.

प्रमिला : हो.

सुकदेव : म्हणजे तूही.

प्रमिला : तो माझ्याशिवाय कसा राहील?

सुकदेव : हे तू आत्ता सांगतेस. सकाळपासून आपण रिक्षात बसलो, खानावळीत जेवलो.

प्रमिला : मला आधी ही मशीन बघायची होती. तुम्ही परवा म्हणालात ना, धुळ्याला एक बिनधुराची आलीय म्हणतात, पण तिला जोर नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे.

सुकदेव : प्रमिला, धुराचं नाहीच आहे ते. माय काय म्हणते माहीत आहे ना तुला?

प्रमिला : अक्कांचं बोलणं मला पाठ आहे.

सुकदेव : "मना नातूले नजर लागस. मी अमावास्याले नजर उतारस, म्हणीसन त्या रातले पोऱ्या सुखे झोपस." आणि झोपतो की नाही तो? खरं सांग. अमावास्येच्या रात्री एकदा तरी खोकला काढला त्यानं?

प्रमिला : नाही.

सुकदेव : मग.

प्रमिला : अमावास्येला आपल्याकडे मशीन चालते का?

सुकदेव : नाही. आबांच्या वेळेपासून नियम आहे. अमावास्येला लाकडाला लोखंड लावायचं नाही. वखारीचं दारच उघडत...

प्रमिला : नाही उघडत.

सुकदेव : तो योगायोग झाला.

प्रमिला : माघातल्या अमावास्येला अक्का पारोळ्याला मावशींकडे होत्या. दृष्ट कोणी काढली नाही. मला तर काढता येत नाही. तरी भय्या सकाळपर्यंत झोपला. तुम्हीच मला उठवून म्हणालात, बघ गं, याचा श्वास चालू आहे ना.

सुकदेव : हं.

प्रमिला : आणि दिवाळीनंतरच्या अमावास्येला वीटभट्टीवाल्याची गाडी अडून बसली होती. तुम्ही दार आतून लावून घेतलंत आणि मशीन चालवलीत. अक्कांना आवडलं नाही ते. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त मीठ-मिरच्या घेतल्या. त्या रात्री आपण त्याला मांडीवर उभा धरून बसलो होतो.

सुकदेव : त्या दिवशी मिरच्यांचा खकाणा किती झाला होता. मीही खोकलो. मिरच्या जाळल्यावर पोर खोकणारच ना.

प्रमिला : मिरच्यांच्या धुरानं पोर खोकतं, हे तुम्हाला पटतं. घटकाभर जळणाऱ्या मिरच्यांनी. आणि मशीन दिवसभर चालते.

सुकदेव : तू हे किती दिवस बघून राहिलीस?

प्रमिला : मोजलं नाही. खिडकीतून बघते. वारा वखारीकडून घराकडे असला की भांड्यांना सुद्धा वास येतो. रस्त्याकडे असला की रात्र बरी जाते.

सुकदेव : मला बोलली असतीस.

प्रमिला : जुनी मशीन होती तोवर बोलून काय उपयोग होता? तिच्यावरच घर चाललं होतं. आज दोन समोर आहेत म्हणून बोलते. चटक्यापाशी त्याला रांगत जावं लागतं, आणि मी त्याला धरू शकते. धूर खिडकीतून आत येतो. त्याला मी कुठं धरू?

सुकदेव : भाजला म्हणजे मग माझ्या नावानं—

प्रमिला : नाही म्हणणार मी काही. पण ती ओट्यावर यायची नाही.

सुकदेव : आणि ही राखाडी घेतली, तरी डॉक्टरला कुठं पुरणार ते? तो म्हणाला लांब न्या. ती पण थोडा धूर सोडतेच.

प्रमिला : सोडतेच.

सुकदेव : म्हणजे चिंचेखालून उठायचं मी.

प्रमिला : मी तसं म्हटलं नाही.

सुकदेव : म्हटलं नाहीस. तुझं म्हणणं न म्हणताच कळतं, त्याचीच भीती वाटते. मागच्या कुंपणाला गेलो तर तिथं सावलीचं एक पान नाही. वैशाखात आपल्याकडे उभं राहवत नाही उन्हात, त्यात हातात हा तवा.

प्रमिला : पत्रे टाकले तर?

सुकदेव : पत्रे तापतील.

प्रमिला : वर पऱ्हाट्या टाकायच्या. कापसाच्या. कुणाच्याही शेतात मिळतील.

सुकदेव : वर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि खाली ही शेगडी. बी.एस्सी. झालीस ना तू?

प्रमिला : ...बरं, पऱ्हाट्या नको. ओली गोणपाटं टाकू. मी भिजवून देईन दुपारी.

सुकदेव : तू देशील. आणि भय्याला कोण बघेल तोवर?

प्रमिला : अक्का. त्यांना बघू द्या थोडं. मी सगळा वेळ मागे असते म्हणून त्या रुसतातच.

सुकदेव : आला तो चहा घेऊन.

नूरभाई : घ्या. भाभी, तुमच्यासाठी साखर कमी सांगितली, आबेदा म्हणाली तुम्हाला चालत नाही जास्त. मुलगा उठलाय बरं का. मशीन बंद झाली आणि त्यानं डोळे उघडले, तुम्ही म्हणालात तसंच. ती त्याला कबुतरं दाखवतेय.

प्रमिला : खोकला का तो?

नूरभाई : थोडासा. भाऊ, काय ठरलं मग? लाल बांधू, का राखाडीची जाळी काढू?

सुकदेव : राखाडी बांधा. जाळी राहू द्या.

नूरभाई : विचार करा. उद्या परत आणली तर मला बदलून देता यायची नाही. आणि ऐन गर्दीत ओंडक्यात रेंगाळली की तुम्ही मलाच शिव्या घालाल.

सुकदेव : शिव्या घालीन. परत नाही आणायचो. पण एक करा, लगेच पोत्यात बांधायची नाही. थंड होऊ दे पूर्ण, मग बांधा.

नूरभाई : आणि ही सवय कायमची ठेवा. बंद केली की उघड्या मातीवर ठेवायची. गोणपाटावर ठेवायची खोड असेल तर सोडा.

सुकदेव : आहे खोड. चेनीला माती लागू नये म्हणून गोणपाटावरच ठेवतो आम्ही.

नूरभाई : मग एखादी फरशी घ्या. नाहीतर वखारच पेटायची.

प्रमिला : ऐकलंत ना?

सुकदेव : ऐकलं. मागच्या कुंपणाशी फरशी बसवतो. तिच्यावर ही, वर पत्रा, मधे मी. पत्रा तापणार, मशीन तापणार, मी एकटाच थंड बसलो तर बरं दिसेल का?

नूरभाई : कुंपणाशी? चिंच सोडणार तुम्ही? तुमच्या वडिलांचा तर खाटलाच तिथं असायचा.

सुकदेव : सोडली आजपासून.

प्रमिला : अक्का विचारतील, चिंच का सोडली.

सुकदेव : सांगेन, नवी मशीन फार तापते, घराजवळ नको. हे काही खोटं नाही. बोट दाखवेन.

प्रमिला : आणि कुंकू लावलं का म्हणून विचारतील.

सुकदेव : लावलंय की. लाल राहिलं नाही, एवढंच.

प्रमिला : आणि भय्याचा हात?

सुकदेव : दोरीच्या मुठीला लावू. ती थंड आहे, मी बघितली. जा, आण त्याला.

नूरभाई : मी आणतो. आबेदाच्या कडेवरून येईल का माहीत नाही, पण बघतो.

प्रमिला : नाही थांबला खोकला तर?

सुकदेव : तर अमळनेरच्या गाडीत मीच बसवून देईन. पावसाळ्यापर्यंत. दर रविवारी येईन.

प्रमिला : अमावास्या जवळच आली. अक्का मीठ-मिरच्या काढून ठेवतील.

सुकदेव : काढू दे. त्या रात्री तो झोपेल, आणि मायला वाटेल तिनं झोपवलं. वाटू दे तिला. तू काही बोलू नकोस, मीही नाही बोलणार. आपण दुसऱ्या रात्री जागं राहायचं, तो खोकतो का ते बघायला.

प्रमिला : दुसऱ्या दिवशी तर मशीन चालू होईल.

सुकदेव : म्हणून तर.